पान एक्केचाळीस

खंडारे सरांचे इंग्लिश
राजापेठ, अमरावती
१६ एप्रिल २०२५

आदरणीय इंदूवहिनी,

जयभीम.

परवा चौदा एप्रिलला माझ्या ‘जोडा आणि जिंका’ या पुस्तकाचे प्रकाशन झाले. किंबहुना, थाटात झाले. इंग्रजीत वाक्ये जोडणारे शब्द मुलांना अवघड जातात, परिणामी त्यांचे गुण कापले जातात, म्हणून मी हा विषय जीवनातील साध्या उदाहरणांतून मांडला आहे. शिवाय, प्रत्येक पाठाची वाक्ये आमच्याकडे सगळी बॅच एका सुरात म्हणते, त्यामुळे ती मुलांच्या जन्मभर लक्षात राहतात. अमरावतीत रोज, तसेच रविवारी अकोल्याच्या बॅचमध्येही हीच पद्धत आहे.

सोबत एक प्रत पाठवत आहे. पुस्तक पूर्ण इंग्रजीत असल्यामुळे तुम्हाला वाचता येणार नाही. तथापि, दादाच्या फोटोजवळ ठेवावे. दादा असता तर त्याने डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला ते दाखवले असते.

शाळा उघडण्याआधी, जूनमध्ये, दुसरी आवृत्ती निघणार आहे. माधवीनेही जयभीम सांगितला आहे.

आपला,
प्रा. अनुप खंडारे

ता. क. उत्तराची तसदी घेऊ नये.

•

कौलखेड, अकोला
२७ एप्रिल २०२५

अनुप,

तुला जयभीम, आणि तुझ्या त्या गुळगुळीत पुस्तकालाही.

तसदी घेते आहे. फोनवर तू “हो वहिनी, हो वहिनी” म्हणत दोन मिनिटांत फोन ठेवतोस. कागद तसा ठेवता येत नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एका कागदात किंबहुना, परिणामी, शिवाय, तथापि! अरे, तू लहान होतास तेव्हा “वहिनी, भूक लागली” एवढंच म्हणायचास आणि मला सगळं कळायचं. आता तुला भूक लागली तर माधवीला काय सांगतोस? “किंबहुना”पासून सुरुवात करतोस का?

पुस्तक तू सांगितलंस तसं यांच्या फोटोजवळ ठेवलं. एक दिवस ठेवलं. मग काढलं आणि वाचलं.

हो, वाचलं. तू जरा खुर्चीवर बस.

गेली तीन वर्षं मी इंग्रजी शिकते आहे. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग शिकवायला येतात. विहाराच्या वाचनालयात पाचवीपासूनची जुनी पुस्तकं पडून आहेत. एक डिक्शनरी आहे, तिला ‘ए’ची पानंच नाहीत, तेव्हा ‘बी’पासून सुरुवात केली. औषधाच्या बाटल्या, साबणाचे कागद, विजेचं बिल, जे सापडलं ते वाचलं. मराठी तरी मी कुठे शाळेत शिकले? चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांवर झालं. तर माझा वेग कमी आहे. तुझी नव्वद पानं वाचायला मला आठ दिवस लागले.

पान बारा. ‘अँड’. माझं माझ्या भावावर प्रेम होतं आणि त्याचं माझ्यावर. वाचून बरं वाटलं.

पान सत्तावीस. ‘नायदर’ आणि ‘नॉर’. माझ्या वहिनीला लिहिताही येत नाही आणि वाचताही येत नाही. हे वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पेन्सिलनं खाली लिहिलं, “वाचलं.”

पान एक्केचाळीस. इथे एक रमेश आहे. रमेश एसटीत कंडक्टर आहे. त्याच्या घरासमोर ऑटोस्टँड आहे. ‘ऑलदो’ रमेशच्या छातीत दुखत होतं, त्याच्या बायकोनं ऑटो बोलावला नाही. ती थांबून राहिली. ‘देअरफोर’ तो मेला. आणि सर्वांत खाली चौकटीत, ठळक अक्षरांत, ‘अनलेस’ बायका शिकतील, असं होतच राहील.

नाव बदललंस. माणूस तरी बदलायचास. ऑटोस्टँड तरी हलवायचास.

आता तुझ्या पद्धतीप्रमाणे राजापेठेतली मुलं रोज एका सुरात म्हणतात की त्या बायकोनं नवऱ्याला मारलं. रविवारी अकोल्यातली मुलंही म्हणतात. त्यांतली काही याच गल्लीतून सायकलीवर जातात. माझ्याकडे बघून “जयभीम काकू” म्हणतात.

जून यायला अजून वेळ आहे. दुसऱ्या आवृत्तीत पान एक्केचाळीस नको. आणि ज्या मुलांनी ते पाठ केलं, त्यांना तू तोंडानं सांग की ते खोटं आहे. एवढंच मागणं आहे.

वहिनी

•

खंडारे सरांचे इंग्लिश
राजापेठ, अमरावती
६ मे २०२५

आदरणीय वहिनी,

जयभीम.

आपले पत्र मिळाले. आपण इंग्रजी शिकत आहात याचा आनंद झाला. तथापि, आपण कुणाकडे शिकता हे कळवले असते तर मी योग्य मार्गदर्शन केले असते. अर्धवट ज्ञानातून गैरसमज होतात.

रमेश हे काल्पनिक पात्र आहे. महाराष्ट्रात कंडक्टर हजारो आहेत आणि ऑटोस्टँडही. शिक्षकाला उदाहरणे लागतात, आणि दुःखाचे उदाहरण मुलांच्या मनावर लवकर ठसते. पान एक्केचाळीस आमच्या वर्गात सर्वांत लोकप्रिय आहे. एका मुलीला तर ते म्हणताना रडू येते. याशिवाय, छपाईच्या फाइली गेलेल्या आहेत, त्यामुळे आता बदल शक्य नाही.

दुसरे असे की, ते वाक्य मी रचलेले नाही. दादाच्या अंत्ययात्रेत सगळेच हे म्हणत होते. शेजारच्या गोदाबाईने तर तुमच्या तोंडावर विचारले होते. तुम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. नंतरही दिले नाही. म्हणून लोकांनी जे समजायचे ते समजून घेतले. मी तर उलट नाव बदलले.

२५ मे रोजी अकोल्याच्या हॉलवर गुणवंत मुलांचा सत्कार आहे. त्यात तुमचाही शाल देऊन सत्कार करावा असे माधवीने सुचवले आहे. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकणारी महिला, म्हणजे वर्तमानपत्रवालेही येतील. दोन वाक्ये इंग्रजीत बोलाल का? हवी तर मी लिहून देतो.

आपला,
प्रा. अनुप खंडारे

•

कौलखेड, अकोला
१२ मे २०२५

अनुप,

शाल नको. मे महिन्यात अकोल्यात शाल पांघरवणाऱ्याच्या डोक्याची मला काळजी वाटते. दोन वाक्यंही लिहून देऊ नकोस, तू माझ्याबद्दल लिहिलेली वाक्यं मी वाचली आहेत.

गोदाबाईचं तू बरोबर लिहिलंस. अंगणात यांना ठेवलं होतं, भन्तेजी यायचे होते, आणि ती पुढे होऊन म्हणाली, “काहून वं इंदू, समोर आटो उभे असतेत, तू हात नाही केला? काय पाहून राहिली होती?” मी उत्तर दिलं नाही. तू तिच्या शेजारीच उभा होतास. खिशात हात घालून.

तूही उत्तर दिलं नाहीस, अनुप.

तू रमेशची गोष्ट लिहिलीस, आता मी शेषरावांची लिहिते. मला ‘देअरफोर’ नीट जमत नाही, म्हणून नुसतं जसं झालं तसं लिहिते.

२७ मार्च २०२२. रविवार. तुझी अकोल्याची बॅच होती, आमच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटांवर. एक वाजता तू जेवायला येणार होतास. मी सकाळपासून पाटोड्यांचा रस्सा केला होता, तुला आवडतो तसा, जास्त तिखट. हे दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघत होते आणि मी हातावर मारत होते.

साडेबाराला हे खाटेवर बसले. छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, “समोरून पिंटूचा आटो बोलावते.” तर म्हणाले, “आटोत काहून? अनुपले फोन लाव. त्याची गाडी हाये ना, एसीची. आटोनं हाडं मोडतेत.” एसटीत तीस वर्षं उभं राहून प्रवास केलेला माणूस, आणि त्या दिवशी त्याला भावाच्या गाडीत बसायचं होतं. तू गाडी घेतल्यापासून त्यांना एकदाच बसवलं होतंस. ते त्यांनी डेपोत सगळ्यांना सांगितलं होतं.

मी यांच्या फोनवरून तुला फोन लावला. साडेबारा ते सव्वा. चार वेळा.

तो फोन माझ्याकडे आहे. कपाटात, यांच्या कंडक्टरच्या बिल्ल्याशेजारी. दर महिन्याला चार्ज करते. चारही फोन त्यात दिसतात, वेळेसकट. मी तीन वर्षांत कोणाला दाखवले नाहीत. गोदाबाईला नाही, माधवीला नाही, तुलाही नाही. मला वाटलं होतं, तू येऊन आपणहून बोलशील. मला वाटलं, मोठा माणूस झाला आहे, वेळ लागेल. तू वेळ घेतलास आणि पुस्तक लिहिलंस.

पुस्तकात प्रत्येक पाठाच्या शेवटी स्वाध्याय आहे, दोन वाक्यं जोडा म्हणून. माझा एक स्वाध्याय तू सोडव. पहिलं वाक्य, दादाचा फोन आला. दुसरं वाक्य तुझं तू लिही. जोडायचं राहिलं तरी चालेल. पण खरं लिही.

फाइल गेली असेल तर परत माग. तुझी पहिली इंग्रजीची वही मी दाभणानं शिवली होती, दोनदा उसवून पुन्हा शिवली. कागद परत मागता येतो, हे मला माहीत आहे.

वहिनी

•

अमरावती
२ जून २०२५

वहिनी,

वीस दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. हे घरी बसून वहीच्या कागदावर लिहितो आहे.

२५ तारखेचा सत्कार झाला. मुलांनी स्वागताला म्हणून पान एक्केचाळीस म्हटलं. ती आमची सवयच आहे, मी थांबवायला विसरलो. दोनशे मुलं. “ही डाइड” वर सगळी एकदम थांबतात, मीच तसं शिकवलं आहे. हॉल दादा गेला त्या रविवारचाच होता, फळाही तोच. मी खाली बसलो. लोकांना वाटलं ऊन लागलं. माधवीनं लिंबूपाणी आणलं.

दुसरं वाक्य लिहितो. दादाचा फोन आला. मी पाहिला आणि कापला.

फोन टेबलावर होता. स्क्रीनवर ‘दादा’ आलं. त्या दिवशी पालक आले होते, नव्या बॅचसाठी वर्ग बघायला. मागच्या बाकांवर बसले होते, हाताची घडी घालून. मला वाटलं, जेवायला बोलावतो आहे. दादाचं तसंच असायचं ना. जेवायला बोलावलं की तीन वेळा फोन. निघाला का, कुठं आला, मूर्तिजापूर गेलं का, रस्सा थंडा होऊन राहिला. पालकांसमोर मला त्याची लाज वाटली. चारही वेळा कापला. चौथ्या वेळी तर मुलांना म्हटलं, “आमच्या दादाले भूक लागली वाटते.” मुलं हसली.

पावणेदोनला बाहेर आलो. दादाला फोन लावला, तो पिंटू ऑटोवाल्यानं उचलला आणि सांगितलं.

अंत्ययात्रेत गोदाबाईनं तुम्हाला विचारलं तेव्हा मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. तुम्ही गप्प राहिलात आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मग कोणी विचारलं की मीही म्हणू लागलो, वहिनी थांबली. म्हणता म्हणता ते सोपं झालं. पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा उदाहरण शोधावं लागलंच नाही, ते तयार होतं. तुम्ही वाचणार नाही याची खात्री होती. त्या खात्रीनंच पुस्तक पाठवलं. हे लिहिताना मला माझी शरम वाटते.

फाइल परत मागवली. पान एक्केचाळीस काढलं. सत्तावीसवरचं तुमचं वाक्यही काढलं. वर्गात मुलांना सांगितलं की ते उदाहरण खोटं होतं. अकोल्यातही सांगितलं. ज्या मुलीला रडू यायचं तिनं हात वर करून विचारलं, “सर, मग तो कशानं मेला?” मी पुढचा पाठ काढायला लावला. तेवढं धैर्य अजून नाही.

एक विचारू का? रागावू नका. मी फोन उचलत नव्हतो, हे तुम्हाला कळत होतं. पाऊण तास. समोर ऑटो होते. तुम्ही तर माझा ताप नुसत्या डोळ्यांवरून ओळखायच्या. मग तुम्ही काहून थांबल्या, वहिनी?

अनुप

•

कौलखेड, अकोला
८ जून २०२५

अनुप,

हे पत्र वाचून पहिलं मनात आलं ते हे की पोरगा पुन्हा मराठीत लिहायला लागला. एक ‘तथापि’ नाही. बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. हे मी गोदाबाईला दिलं नाही, भन्तेजींना दिलं नाही, यांच्या फोटोला तेवढं रोज देते.

तू फोन कापलास की तुझ्याकडून मेसेज येतो. तुला आठवत नसेल, तू तो एकदा फोनमध्ये बसवून ठेवलास आणि विसरलास. तो आपोआप जातो. त्या दिवशीही आला, पहिला फोन कापला गेला तेव्हाच. इंग्रजीत होता. लांबलचक, अर्धी स्क्रीन भरेल एवढा.

यांचे डोळे मिटलेले होते. चष्मा खिडकीत होता. “काय लिवलं त्यानं?” म्हणाले.

मला तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. मी त्या मेसेजकडे पाहिलं. आणि मला वाटलं, एवढं लिहिलं आहे म्हणजे येतोच आहे. नाही म्हणायला एवढी अक्षरं कोण लिहील? नाही तर माणूस एका शब्दात म्हणतो. एवढं लांब लिहिलं म्हणजे कुठून निघालो, किती वेळ लागेल, दादाला पाणी पाज, असं काहीतरी सगळं लिहिलं असेल.

मी म्हटलं, “येऊन राहिला.”

तर उठून बसले. म्हणाले, “मंग शर्ट दे मले. त्याच्या गाडीत बनियनवर बसू का?” मी इस्त्रीचा दिला, पांढरा. बटणं मी लावली. दाराशी खुर्ची मागितली, तिथं बसले. पुन्हा फोन लावला, पुन्हा तोच मेसेज. पुन्हा म्हटलं, येऊन राहिला. तिसऱ्यांदा म्हटलं. पिंटू समोरून विचारून गेला, “काकू, आटो लावू का?” तर यांनीच हात हलवून सांगितलं, “माहा भाऊ गाडी घेऊन येऊन राहिला.” मोठ्यानं सांगितलं, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं. चौथ्यांदा मी म्हटलं तेव्हा मान खाली गेली होती. ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तेव्हा मी पिंटूला हाक मारली.

म्हणून मी थांबले. आणि म्हणून कोणाला उत्तर दिलं नाही. काय सांगणार होते? की मला वाचता आलं नाही, आणि जे आलं नाही ते मी वाचून दाखवलं?

तिसऱ्या महिन्यात तो फोन आणि ती ‘ए’ नसलेली डिक्शनरी घेऊन विहारात बसले. एकेक शब्द शोधला. अकरा दिवस लागले. त्यातला एक शब्द ‘ए’चा होता, तो शेवटपर्यंत सापडला नाही, दुसऱ्या वर्षी कळला. तुला तुझाच मेसेज मराठीत सांगते. “सध्या मी शिकवत आहे, परिणामी, मी फोनवर येऊ शकत नाही, तथापि, मी लवकरच आपल्याशी संपर्क साधेन, शिवाय, आपण वाट पाहिल्याबद्दल आभारी आहे.”

आभार पोचले.

मी तीन वर्षं इंग्रजी शिकले ती सत्कारासाठी नाही. मला बघायचं होतं की ‘येत नाही’ एवढं सांगायला त्या भाषेत खरंच इतकं लागतं का. नाही लागत. मी सगळं वाचलं, तुझं पुस्तक धरून. त्यांच्याकडेही ‘नो’ आहे. दोन अक्षरांचा. पहिल्याच पुस्तकात सापडला.

आता तू म्हणशील, वहिनी मला दोष देते. देतेच. तुला लाज वाटली म्हणून तू फोन कापलास आणि तीन वर्षं माझ्या नावावर जगलास, त्याचा दोष देते. पण तू त्यांना मारलं नाहीस. मीही नाही. डॉक्टरनं मला नंतर सांगितलं होतं की त्या पाऊण तासानं काय झालं असतं ते तो सांगू शकत नाही. कदाचित वाचले असते, कदाचित नाही. एवढं शिकलेला माणूस, पण त्यानंही जोडून दिलं नाही. त्या मुलीला तू तेवढं सांग, कशानं मेला ते कोणालाच माहीत नाही, आणि मला माहीत आहे असं दाखवून मी तुम्हाला खोटं शिकवलं. तिला पटेल. रडणाऱ्या मुलींना खरं लवकर पटतं.

चौकटीतलं वाक्य, बायका शिकल्याशिवाय असं होत राहील, तेवढं ठेवलंस तरी माझी हरकत नाही. खरं आहे ते. फक्त त्या दिवशी कोणी काय शिकायला हवं होतं, ते मुलांना विचार. हात कोण कोण वर करतं बघ.

एक गोष्ट राहिली. परवा मी खात्री करायला यांच्या फोनवरून तुला फोन लावला होता. तू वर्गात असशील. स्क्रीनवर ‘दादा’ आलेलं पाहून घाबरला असशील, त्याची माफी मागते. तू कापलास. आणि अनुप, तोच मेसेज आला. अक्षरशः तोच. तीन वर्षांनी, सगळ्या शिवाय-तथापिसकट.

तो आज काढ. पुस्तकाचं नंतर बघू, हा आधी काढ. तुझ्या बॅचमधल्या मुलांच्या आया तुला फोन करत असतील, चांदूर बाजारहून, मूर्तिजापूरहून, कुठून कुठून. त्यांतल्या किती जणींना वाचता येतं ते तुला माहीत नाही. मराठीत लिही. “येत नाही.” एवढंच. ज्याला दुसरी सोय बघायची आहे तो बघेल, शर्ट घालून दारात बसून राहणार नाही.

रविवारी ये. पाटोड्यांचा रस्सा करते. त्या दिवसापासून केला नाही, हात विसरला असेल, तेव्हा तिखट कमी-जास्त होईल, बोलायचं नाही. माधवीला आण. गाडीनं ये आणि जेवल्यावर मला एक चक्कर मारून आण, डेपोवरून. यांच्या जागेवर मी बसते, पुढच्या सीटवर.

एक वाजता. उशीर होणार असेल तर फोन कर. मी उचलते.

वहिनी